षष्ठी आणि दोन शंकरपाळी

ग्रंथालयाचे पुस्तक, लेखिकेचे पुस्तक, वाचकाचे पुस्तक, पुस्तकाचे पान, पुस्तकाची आवृत्ती, पुस्तकाचा विषय. मराठी माणूस हे सारे एका दमात बोलून जातो आणि त्याला कुठेही अडखळावे लागत नाही. मालकी असो, निर्मिती असो, उसनवारी असो की अवयव असो, 'चा-ची-चे' सगळ्यांना सारख्याच मायेने पदराखाली घेते. पाणिनीने इतर विभक्तींचे अर्थ एकेक करून वाटून दिल्यावर जे काही उरले ते षष्ठीच्या वाट्याला आले; आणि पतंजलीने तर तिचे शंभरएक अर्थ असल्याचे नोंदवून ठेवले. स्वस्वामिभाव, जन्यजनकभाव, अवयवावयविभाव ही नावे आपण पाठ करतो. षष्ठीचा संबंध क्रियेशी नसून नामाचा नामाशी असतो, म्हणून ती कारकांच्या पंक्तीत बसत नाही, एवढे सांगितले की तास संपतो.

संगणकप्रणालीचा आराखडा करणाऱ्यांचा तास मात्र तिथेच सुरू होतो. त्यांना प्रत्येक 'चा'साठी निराळी रेघ काढावी लागते आणि ती चुकली तर पुढे कुणाचे तरी नुकसान होते. ही गोष्ट आम्हांला कळली ती आमच्याच इमारतीत. आम्ही मनीषनगरात राहतो. रेल्वेफाटकाच्या जागी उड्डाणपूल होऊन काही वर्षे झाली, तरी पत्ता सांगताना 'फाटकाच्या पलीकडे' म्हणण्याची इकडची सवय गेलेली नाही. वस्ती नोकरदारांची, कुणी मिहानला जाणारे, कुणाची मुले पुण्याला किंवा बंगळुरूला. अशा ठिकाणी आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, म्हणजे शेजाऱ्यांच्या लेखी निबंध आणि निमंत्रणपत्रिका तपासून देणारे. तळमजल्यावरची मुलगी संगणक अभियांत्रिकीला आहे. ती एका संध्याकाळी कागद घेऊन वर आली, कारण तिला ग्रंथालयाची आकृती काढायची होती आणि ग्रंथालयात आयुष्य घालवलेली माणसे तिच्या माहितीत आम्हीच होतो. "काकू, हा डायमंड भरायचा का रिकामा ठेवायचा? मॅडम म्हणते भर, अन् यूट्यूबवाला रिकामा काढून राहिला."

त्या आकृतीला क्लास डायग्राम म्हणतात. वर्ग म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे बाक आणि खडू येतो. इथला वर्ग म्हणजे एक चौकट. तिचे तीन कप्पे असतात: वरच्यात नाव, मधल्यात गुणधर्म, खालच्यात त्याला काय करता येते ते. अशा चौकटी आणि त्यांच्यामधल्या रेघा मिळून आराखडा होतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी ह्या रेघा काढण्याच्या अनेक परस्परविरोधी पद्धती होत्या, आणि जो तो आपल्या पद्धतीचा अभिमानी होता. नवसाहित्याच्या वादांवर पोसलेल्या आपल्यासारख्यांना ही परिस्थिती अनोळखी वाटू नये. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन हे तिघे तीन पंथांचे आचार्य रॅशनल ह्या कंपनीत एकत्र आले, त्यांनी आपापल्या खुणा एका भाषेत मिसळल्या, आणि १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप ह्या संस्थेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. तीच यूएमएल. तिची २.५.१ ही आवृत्ती २०१७ ची आहे. आचार्य एकत्र बसून प्रमाणभाषा ठरवतात आणि नंतर ती खरोखर वापरलीही जाते, ह्याचा आम्हांला थोडा हेवा वाटला.

तर रेघा. साधी रेघ म्हणजे दोन वस्तूंची ओळख आहे, एवढेच: वाचक आणि पुस्तक. रेघेच्या टोकाशी पोकळ त्रिकोण असेल तर 'हा त्याचाच एक प्रकार'. त्रिकोण सामान्याच्या अंगाला. तुटक रेघ आणि बाण म्हणजे तात्पुरता आधार. आणि मग ते डायमंड, ज्यांना आमच्या घरात त्याच संध्याकाळपासून शंकरपाळी हे नाव पडले. शंकरपाळे नेहमी पूर्णाच्या बाजूला काढायचे. ते रिकामे असेल तर भाग त्या पूर्णाचा आहे खरा, पण त्याच्यावाचूनही तो राहू शकतो. ते भरलेले असेल तर भाग एका वेळी एकाच पूर्णाचा, आणि पूर्ण नाहीसे झाले की त्याच्याबरोबर भागही नाहीसा. ह्यांतले रिकामे शंकरपाळे फारसे काही सांगत नाही. प्रमाणग्रंथानेही त्याचा नेमका अर्थ काढणाऱ्यावर सोडला आहे, आणि खुद्द रम्बॉने त्याची तुलना औषध नसलेल्या गोळीशी केली होती: घेणाऱ्याला बरे वाटते. खरी जोखीम भरलेल्याची. ते काढताना आपण एका वस्तूचे मरण दुसरीला बांधून देत असतो.

म्हणून आम्ही तिला डायमंडविषयी काही न सांगता एवढेच विचारले, की ग्रंथालय उद्या बंद पडले तर पुस्तके कुठे जातील? ती म्हणाली, "दुसऱ्या लायब्ररीत. नाहीतर रद्दीत." म्हणजे ग्रंथालयाच्या टोकाशी भरलेले शंकरपाळे नको. आणि पुस्तक जळाले तर पाने? ती जळणारच. पण मग तिनेच शंका काढली, "पण काकू, पान फाडून नेणारे असतात ना!" असतात, आम्ही पाहिले आहेत. यूएमएललाही ते ठाऊक आहे: पूर्ण नष्ट होण्याआधी भाग काढून घेतला तर तो वाचतो, अशी सवलत तिथे ठेवलेली आहे. पान फाडणाऱ्याची सोय पाहणारे प्रमाणशास्त्र आम्हांला तरी दुसरे आढळलेले नाही.

इथे आमच्यापैकी एकाला न्यायवैशेषिक आठवले, आणि तो विषय जेवणापर्यंत चालला. त्या दर्शनात दोन वस्तू नुसत्या जोडलेल्या असतील तर संयोग, आणि विलग करताच येणार नाहीत अशा असतील तर समवाय. साधी रेघ आणि भरलेले शंकरपाळे, असे पटकन म्हणावेसे वाटते. पण उदाहरण पाहिले की दिशा उलटी निघते. तंतू आणि पट ह्यांत पट हा अवयवी तंतूंमध्ये समवायाने राहतो. तंतूंचा संयोग सुटला तर पट संपतो, तंतू मात्र उरतात. नैयायिकाच्या लेखी अवलंबून असते ते पूर्ण. यूएमएलच्या भरलेल्या शंकरपाळ्यात अवलंबून असतो तो भाग. दोघेही अवयवावयविभावच म्हणतात आणि आपण दोन्हीकडे 'कापडाचा धागा' असेच म्हणतो. एकाच प्रत्ययाखाली मरणाच्या दोन उलट दिशा झाकल्या जातात, हे त्या संध्याकाळपर्यंत आम्ही कधी शब्दांत मांडून पाहिले नव्हते.

असो. मुलीच्या आकृतीतली मोठी अडचण शंकरपाळ्यात नव्हतीच. तिने 'पुस्तक' अशी एकच चौकट काढली होती आणि तिच्यात नाव, लेखक, किंमत, दाखल क्रमांक, सध्या ग्रंथालयात आहे की नाही, हे सारे भरले होते. पण दाखल क्रमांक पुस्तकाला नसतो, प्रतीला असतो. कपाटात एका कादंबरीच्या पाच प्रती असतील तर दाखल क्रमांक पाच, आणि त्यांतली एक आमच्याकडे सहा महिने पडून असली तरी कादंबरी 'बाहेर' गेलेली नसते. ग्रंथालयशास्त्राने हा भेद १९९८ मध्ये आणखी बारीक केला. आंतरराष्ट्रीय ग्रंथालयसंघाच्या त्या वर्षीच्या अहवालात चार पायऱ्या आहेत: कृती, तिचे विशिष्ट शब्दरूप, त्या रूपाचे प्रकाशन, आणि हातात येणारी वस्तू. ज्ञानेश्वरी ही कृती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेला पाठ हे तिचे एक रूप, वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेल्या जुन्या पोथीतला पाठ हे दुसरे. राजवाड्यांचे छापील पुस्तक हे प्रकाशन. आणि ज्याच्या मुखपृष्ठावर कुणाच्या तरी चहाच्या कपाचा डाग आहे ती वस्तू. आपण चौघांनाही 'ज्ञानेश्वरी' म्हणतो. बोलताना ते चालते. नोंद ठेवताना चालत नाही.

चालत नाही म्हणजे काय, ते आम्ही एका संस्थेच्या ग्रंथालयात पाहिलेले आहे. नाव घेण्याचे कारण नाही. तिथल्या जुन्या दाखलनोंदवह्या संगणकावर चढवल्या गेल्या तेव्हा प्रणालीत पुस्तक आणि प्रत ह्यांची चौकट एकच होती. पुढे कधीतरी फाटक्या, वाळवी लागलेल्या प्रतींचे निर्लेखन झाले. ज्या पुस्तकाची एकच प्रत होती तिची नोंद काढताच ते पुस्तकच यादीतून गेले. त्याबरोबर ती प्रत कोणी भेट दिली होती ते गेले, आणि वीस-पंचवीस वर्षांत ती कोणी कोणी नेली होती तेही गेले. गेलेल्यांत विदर्भातली छोटी प्रकाशने होती, एकदाच छापलेली. एका दिवंगत प्राध्यापकांचा संग्रह होता, त्यांच्या घरच्यांनी मोठ्या विश्वासाने दिलेला. त्यांतले एक पुस्तक पुन्हा मिळवावे म्हणून आम्ही अर्ज केला, तेव्हा असे पुस्तक ग्रंथालयात कधी नव्हते, असे उत्तर मिळाले. उत्तर देणारा कारकून खोटे बोलत नव्हता. पडद्यावर तसेच दिसत होते. शाईने लिहिलेल्या वहीत निदान लाल रेघ मारलेली राहते आणि तिच्याखालचे वाचता येते.

वाचक आणि प्रत ह्यांच्यामध्येही नुसती रेघ पुरत नाही. कोणी कधी नेले, कधी आणायचे होते, कधी आणले, दंड किती, हे ना वाचकाचे गुणधर्म ना प्रतीचे. ते त्या रेघेचे. अशा वेळी रेघेलाच एक चौकट टांगतात, तुटक रेघेने. संबंध हाच एक वर्ग होतो. आम्ही त्या चौकटीला 'देवघेव' असे नाव सुचवले आणि मुलीने ते आनंदाने इंग्रजी करून घेतले. संबंधालाही स्वतःचे चरित्र असते, ही कल्पना साहित्याच्या माणसाला नवी नसावी; पण ती इतक्या कोरड्या चिन्हात पाहताना आम्हांला गंमत वाटली.

त्रिकोणावर मात्र आमचे तिच्याशी भांडण झाले. तिने 'वाचक' हा सामान्य वर्ग केला होता आणि त्याखाली 'विद्यार्थी' आणि 'प्राध्यापक' हे दोन प्रकार. पुस्तकात असेच देतात म्हणे. आमचा एक माजी विद्यार्थी आहे. तो पीएच.डी.चा विद्यार्थी आहे, दुसऱ्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो, आणि दोन्हीकडच्या ग्रंथालयांत त्याचे खाते आहे. त्याला कुठल्या चौकटीत ठेवायचे? विद्यार्थी असणे किंवा प्राध्यापक असणे हा माणसाचा प्रकार नव्हे. ती त्याने काही काळ घेतलेली भूमिका आहे. भूमिका संपली की माणूस संपत नाही. जन्मलेला वर्ग मात्र, निदान बहुतेक संगणकभाषांत, आयुष्यभर बदलता येत नाही. तेव्हा तिथे त्रिकोण न काढता 'व्यक्ती' आणि 'भूमिका' ह्यांच्यात साधी रेघ काढावी, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला कितीही ह्या अर्थाची तारका.

त्याहून नाजूक प्रश्न पुढचा. 'तासिका तत्त्वावरील प्राध्यापक' हा 'प्राध्यापक' ह्याचा प्रकार आहे का? नावात तर तसे म्हटले आहे. समासाचा विग्रह करणारा कोणीही हो म्हणेल. बार्बरा लिस्कोव ह्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञेने १९८७ मध्ये ह्यासाठी एक कसोटी मांडली, आणि १९९४ मध्ये जनेट विंग ह्यांच्याबरोबर ती काटेकोर केली: सामान्य जिथे जिथे अपेक्षित आहे तिथे तिथे विशेष आणून ठेवला तरी काही बिघडता कामा नये. आता प्राध्यापकाच्या चौकटीतला खालचा कप्पा वाचा. वर्गावर शिकवणे, उत्तरपत्रिका तपासणे, परीक्षेचे पर्यवेक्षण, इथपर्यंत सगळे जुळते. 'उन्हाळ्याच्या सुटीचे वेतन काढा' ह्या ओळीशी येऊन आकृती मोडते. तासिकेवरचा माणूस शिकवतो तेवढ्याच तासांचे पैसे घेतो; सुटीत त्याला काही नाही. लिस्कोवबाईंच्या कसोटीने त्याच्याकडून त्रिकोण काढता येत नाही. मुलगी म्हणाली, मग तो वेगळा वर्ग करू. तर्काने ते बरोबर आहे. पण ज्याला महाविद्यालय दारावरच्या पाटीत प्राध्यापक म्हणते त्याला आम्ही आमच्याच हाताने चौकटीबाहेर काढायचे, हे काही केल्या जमेना. बिघाड आकृतीत नाही. आकृतीने तो दाखवला, एवढेच. त्या जागी आम्ही प्रश्नचिन्ह ठेवले.

मुलगी कागद घेऊन गेली. आम्ही मात्र त्यानंतर आमच्या कामासाठी दुसरी आकृती काढायला बसलो, आणि तिचे निमित्त लीळाचरित्र होते. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना महानुभाव वाङ्मय शिकवताना फळ्यावर नेहमी एक वाक्य लिहिले जाते: लीळाचरित्र हे म्हाइंभटांचे. परीक्षेतही रिकाम्या जागा भरा म्हणून तेच येते. ह्या षष्ठीची रेघ काढून पाहू. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा रचल्या नाहीत. ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, गोळा केल्या. म्हणजे लीळेची रेघ म्हाइंभटांकडे थेट जात नाही. ती साक्षीदाराकडे जाते, आणि त्या रेघेला एक चौकट टांगलेली आहे: 'आठवण'. एकाच लीळेला साक्षीदार अनेक, एका साक्षीदाराकडे लीळा अनेक. दोन्ही टोकांना तारका. देवघेवीची तारीख जशी ना वाचकाची ना प्रतीची, तशी आठवणीतली तफावत ना लीळेची ना माणसाची. महानुभावांनी ही तफावत पुसली नाही. अमक्याची आठवण अशी, तमक्याची तशी, हे त्यांनी ग्रंथातच नोंदवले आणि त्या पाठभेदाला 'वासना' असा शब्द वापरला. म्हाइंभट ह्या आकृतीत कुठे बसतात? संकलक म्हणून, आठवणींच्या बाजूला. त्यांचे मोठेपण त्याने उणावत नाही. उलट ते नेमके कशात आहे ते कळते.

मग शंकरपाळ्याचा प्रश्न. पोथी आणि लीळा ह्यांच्यात ते भरलेले की रिकामे? देवगिरीवरच्या खिलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी गेली, असे परंपरा सांगते. भरलेले शंकरपाळे असते तर लीळाही गेल्या असत्या. पण त्या माणसांच्या तोंडी होत्या. हिराइसेला त्या पाठ होत्या असे सांगतात. तिचा पाठ, इतरांचे पाठ, पिढ्यांमधून आलेला पिढीपाठ, अशा अनेक वाटांनी लीळाचरित्र पुन्हा लिहिले गेले. आज आपण वाचतो ते ह्या दुसऱ्या जन्माचे. १९३० च्या दशकात नागपूरच्या ह. ना. नेने ह्यांनी, १९६० च्या दशकात शं. गो. तुळपुळे ह्यांनी आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते ह्यांनी केलेली संपादने घेतली तर लीळांची संख्यादेखील सारखी येत नाही. कोलते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. म्हणजे हा सगळा खटाटोप आमच्या अंगणातला आहे, आणि तरी आमच्या यादीत ह्या तिन्ही पुस्तकांसमोर 'लेखक: म्हाइंभट' एवढेच लिहिलेले असते.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तिथे किंवा आणखी कुठे महानुभाव पोथ्यांची संगणकीय सूची होईल तेव्हा कोणीतरी अशीच आकृती काढील, बहुधा तळमजल्यावरच्या मुलीच्याच वयाचा कोणी अभियंता. त्याला कोणी सांगितले नाही तर तो 'ग्रंथ' अशी एक चौकट करील आणि तिच्यात 'लेखक' असा एक कप्पा. सांगायचे काम मराठीच्या माणसाचे आहे, आणि ते रेघांच्या भाषेत सांगता आले पाहिजे, असे आमचे मत झाले आहे. विभागाच्या बैठकीत आम्ही ते मांडले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, हे भाषाविज्ञानात बसते की वाङ्मयेतिहासात? कार्यवृत्तात नोंद झाली.

सध्या आमच्या टेबलावर दृष्टांतपाठ आहे. तिथे एकेका दृष्टांताचे तीन भाग: सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. पहिले दोन चक्रधरांचे, तिसरा केशिराजांचा. म्हणजे 'लेखक' ही रेघ ग्रंथापर्यंत नेताच येत नाही, ती भागापाशी थांबवावी लागते. दार्ष्टांतिक केशिराजांनी ह्याच ग्रंथासाठी लिहिले, तेव्हा ग्रंथाकडून त्याच्याकडे भरलेले शंकरपाळे काढायला हरकत नाही. सूत्र मात्र सूत्रपाठातही भेटू शकते, आणि भरलेल्या शंकरपाळ्याचा नियम असा की भागाला एका वेळी दोन धनी चालत नाहीत. तेव्हा तिथे साधी रेघ. राहिला मधला दृष्टांत. तो चक्रधरांनी कुठल्याशा प्रसंगी, कुणालातरी सांगितला; म्हणजे तो मुळात एखाद्या लीळेचा भाग, आणि केशिराजांनी तो तिथून उचलून सूत्राशेजारी ठेवला. उचलल्यावर तो लीळेत उरला की नाही? आमच्यापैकी एकीचे म्हणणे, उरला, सांगितलेली गोष्ट दोन ठिकाणी असू शकते. दुसऱ्याचे म्हणणे, प्रसंग सुटला की दृष्टांत तोच राहत नाही, ती वस्तूच वेगळी झाली, तिला नवी चौकट हवी. एकशेचौदा दृष्टांतांपैकी सतरा आम्ही आतापर्यंत पेन्सिलीने काढले आहेत.